पीटर मास्तरांची खाऱ्या पाण्यातली वाडी

आमच्या घरात समुद्र आला तो सायकलवरून. पप्पा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना गोडेतेलाचे रिकामे कॅन बांधून राजोडीच्या किनाऱ्यावर जायचे, ते भरायचे आणि सायकल हातात धरून चालत नंदाखालला परत यायचे, कारण भरलेल्या कॅनांसकट बसायला गेलं की सायकल त्यांना खाली उतरवायची. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "मास्तर, घरची विहीर आटली काय?" पप्पा सायकल पुढे ढकलायचे. ते प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते, सगळा गाव त्यांना पीटर मास्तर म्हणायचा, आणि मला वाटतं मनातल्या मनात तेही स्वतःला तशीच हाक मारत असावेत. त्या वर्षी त्यांनी शाळेची सहल मुंबईच्या मत्स्यालयात नेली होती. मुलं आइस्क्रीमच्या गोष्टी करत परत आली आणि पप्पा डोक्यात एक टाकी घेऊन परत आले. "समुद्र आपल्या दारात, आणि तो बघायला तिकीट काढून मुंबईला जायचं?" हे वाक्य त्यांनी आठवडाभर जेवताना ऐकवलं. त्यात चूक काहीच नव्हती. पप्पांच्या बोलण्यात सहसा चूक नसायची, चूक असायची ती पुढच्या करण्यात.

टाकीची लोखंडी चौकट सातिवलीच्या एका कारखान्यातून आली, काचा वसईतून आल्या, आणि त्या बसवायची पुट्टी पप्पांनी स्वतः मळली. पहिल्या रात्रीत निम्मा समुद्र ओसरीवर आला. दुसऱ्यांदा पुट्टी लावल्यावर तो टाकीतच राहिला, पण टाकीला जागा हवी होती, म्हणून पुढच्या खोलीतलं आईचं शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात गेलं, लाकडाच्या मोळीशेजारी. हवा सोडायचा पंप दिवसभर घरघरायचा, आणि संध्याकाळी आम्ही गुडघ्यांवर बसून रोझरी म्हणायला लागलो की मध्येच तो खोकल्यासारखा थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. पप्पा 'नमो मारिया' म्हणता म्हणता डोळा उघडून टाकीकडे बघायचे. घरात आमची वसईची बोली चालायची, ती जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याची दमछाक होईल, म्हणून आईचं बोलणं मी इथे थोडं सोपं केलं आहे. पप्पांचं मात्र सोपं करायची गरज नाही. ते घरातही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच बोलायचे.

टाकीत सुरुवातीला काय होतं? अर्नाळ्याच्या खडकांतल्या डबक्यांमधून धरलेले बोटाएवढे मासे, तीन खेकडे, काही दगड. आणि घोडा. तो आम्हाला जानकीमावशीने आणून दिला. जानकीमावशी अर्नाळ्याची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पाड्यात यायची, आणि सबंध वेळ तिच्या गालात पान असायचं. एके दिवशी तिने डब्यातून तो समुद्रघोडा बाहेर काढला, करंगळीएवढा, शेपटी गोल वळवलेली. "जाल्यात आला," ती म्हणाली. "मास्तरांना शोक हाय ना. घ्या." पप्पांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा दगड रचायला लागले. मी मात्र त्या घोड्यावर जीव टाकला. त्याला जिवंत जवळा लागायचा, म्हणून मी संध्याकाळी खाडीत गुडघाभर पाण्यात उभी राहून फडक्याने जवळा गाळायची. तो शेपटीने दगडाला, काडीला, कधी माझ्या बोटाला धरायचा. एवढ्याशा जिवाची ती पकड मला अजून बोटावर जाणवते.

मी तेव्हा बारावी झाले होते. मला प्राणिशास्त्र शिकायचं होतं. मुंबईच्या एका कॉलेजचा फॉर्म मी मैत्रिणीकडून मागवून घेतला होता आणि तो पुस्तकात दडवून ठेवला होता, कारण पप्पांनी माझ्यासाठी डी.एड. चा फॉर्म आधीच भरून, माझं नाव सुवाच्य अक्षरात लिहून, तयार ठेवला होता. मी विषय काढला तेव्हा ते हसले. "तीन वर्षं मासे चिरायला शिकणार? ते तुझी आई फुकट शिकवेल." मी म्हटलं, निदान माझा फॉर्म वाचून तरी बघा. ते म्हणाले, "मी वाचायचे फॉर्म वाचलेले आहेत." आमच्या घरात एखादी गोष्ट पप्पांनी वाचली नसेल तर ती लिहिलेलीच नाही असं धरून चालायचं असे.

मग फुलं आली. अर्नाळ्याहून आणलेल्या एका दगडाच्या फटीत एक तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं काहीतरी होतं, बारीक देठ आणि वर झुलणारी बोटं. पप्पांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या यजमानासारखा उजळला. "समुद्रफूल! आपल्या टाकीत आपोआप उगवलं!" ते आपोआप उगवलं यालाच ते आपलं कर्तृत्व समजत होते. त्या दिवसापासून त्या फुलाला रोज कोलंबीचा तुकडा मिळायला लागला, दोरीला बांधून, अगदी तोंडाशी. आईने सोललेल्या कोलंबीतला चांगला वाटा फुलांना आणि डोकी आमच्या कालवणाला. आता मला माहीत आहे की खाऱ्या पाण्याच्या टाकीत या फुलासारख्या दिसणाऱ्या जनावराइतकी मोठी पीडा नाही, जगभरचे हौशी लोक तिच्यापायी रडतात, आणि आमच्याच विरारमध्ये आता टाकीची दुकानं आहेत जिथे तिला मारायचं औषध बाटलीतून विकतात. माझ्या भाचीने ती बाटली मला दाखवली. मी मागचं लेबल वाचलं आणि खूप वेळ हसत बसले. का ते पुढे येईलच.

वाडीवाल्याला एक सवय असते, ती त्याच्या रक्तात असते. चांगली केळ लागली की तिचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढायचे, आपल्या वाडीत लावायचे आणि मागायला येईल त्याला द्यायचे. मुनवा मागणाऱ्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे कंजूस नाही, पापी समजला जातो. पप्पा मास्तर असले तरी आजोबांच्या वाडीत वाढले होते. महिन्याभरात त्या एका फुलाची पाच झाली, तेव्हा त्यांनी पत्र्याच्या चाकूने देठाच्या मुळाशी कापून मुनवे काढले आणि वेगवेगळ्या दगडांवर टोचून लावले. लावले ते सगळे लागले. पप्पांनी आजवर लावलेल्या केळींपैकी इतक्या कधी लागल्या नव्हत्या. मग शेजारचे इनास काका आले. पप्पांचं बघून त्यांनीही टाकी केली होती, पप्पांहून थोडी मोठी, आणि ही गोष्ट पप्पांच्या मनात सलत होती. तरीही त्यांनी इनास काकांना बरणीत घालून तीन मुनवे दिले, वर सूचनाही दिल्या: "रोज कोलंबी. बोंबील नको, त्यांना सोसत नाही." गिरीजच्या आत्याकडेसुद्धा एक बरणी गेली. तिच्याकडे टाकी नव्हती, तिने ते फूल मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवलं आणि दोन दिवसांनी कुत्र्याने ते पाणी प्यायलं. आमच्या फुलबागेतला तेवढा एकच मुनवा वाया गेला.

मग मासे मरायला लागले. आधी एक, मग आठवड्यात तीन. पप्पांनी कारणं शोधली: मी टाकीत हात घालते, आई मसाला भाजते त्याचा धूर पाण्यावर बसतो, पंपाला व्होल्टेज कमी मिळतं. फुलांवर त्यांनी संशय घेतला नाही, कारण फुलं जोमात होती. मी कॉलेजच्या वाचनालयातून इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. या जनावराच्या बोटांत विष असतं, आणि त्याच्या पायाचा कपटाभर तुकडा दगडावर राहिला तरी त्याचं पुन्हा आख्खं जनावर होतं, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे पुस्तक विलायतेच्या समुद्राचं आहे. आपला समुद्र वेगळा." दुसऱ्याच दिवशी घोड्याने शेपटीने धरायला जे पहिलं देठ सापडलं ते धरलं. ते फूल होतं. त्याची शेपटी पांढरी पडली आणि तो तळाशी आडवा झाला. मी ओरडले. इतकी ओरडले की आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. मी घोड्याला ओंजळीत घेतलं, लोणच्याची बरणी धुऊन त्यात टाकीतलंच पाणी भरून ठेवलं आणि पप्पांकडे बघून म्हटलं, "तुमच्या बागेनं हे केलं." त्यांच्याशी त्या आवाजात मी आधी कधी बोलले नव्हते.

तेव्हा कुठे पप्पांना पटलं. पण पटलं तेही त्यांच्या पद्धतीने. त्यांनी खुरपं घेतलं. होय, वाडीतलं, तण काढायचं खुरपं, आणि टाकीतली फुलं एकेक करून खुरपून काढली, वर पायखान्याच्या ब्रशने दगड घासले. मी बाजूला उभी राहून सांगत होते, तुकडे राहतील, कापू नका. वाडीत लव्हाळा वरून कापणाऱ्या गड्याला पप्पांनी कितीदा तरी शिव्या घातलेल्या मी ऐकल्या होत्या, "गाठ राहिली की दसपट येतो, अक्कल आहे का?" पण गड्याला सांगायची अक्कल स्वतःला लागू करायची नसते, हा आमच्या घरचा नियम होता. दोन आठवड्यांत दगडांवर, काचांवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढी फुलं दिसायला लागली. मी मोजायला बसले आणि साठच्या पुढे सोडून दिलं. पावसाळा तोंडावर होता. पावसात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी होतं, म्हणजे पाणी बदलायचीही सोय नव्हती. पप्पा टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "एवढी शास्त्रज्ञ आहेस ना? तूच साफ करून दाखव. माझ्या सणापर्यंत. जमलं तर तुझ्या त्या फॉर्मवर सही करतो." पप्पांच्या नावाच्या संताचा सण जूनच्या अखेरीस यायचा, घरात पन्नास माणसं जेवायची. माझा फॉर्म द्यायची शेवटची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी होती. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

उपाय मला पुस्तकाने सांगितला नाही, जानकीमावशीने सांगितला. होड्या बंद झाल्या होत्या आणि ती सुके बोंबील घेऊन आली होती. तिने टाकीत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. "अगो पोरी, ही पिडा घरात कोनी आनली? खडकावर पाय ठेवला तर पायाची आग आग होते हिच्यानं."

"पप्पांनी," मी म्हटलं. "आता काय करू सांग."

तिने कनवटीची चंची उघडली, चुन्याची डबी काढली आणि बोटावर चुना घेतला. "चुना जास्त झाला तर माजं तोंड फाटतं. मग तिचं नाय फाटनार? पन वरून नको टाकू, सगला पानी खराब होईल. तोंडात भर. तिच्या तोंडात."

मी गावातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरकडून जुनी काचेची सिरिंज मागून आणली. पंप बंद केला, चुना दह्याइतका घट्ट कालवला आणि पहिल्या फुलाच्या तोंडावर एक थेंब सोडला. त्याला वाटलं कोलंबी आली. त्याने बोटं आत ओढून घेतली, तोंड मिटलं आणि चुना पोटात घेतला. पप्पांनी त्यांना इतकं लाडावून ठेवलं होतं की समोर येईल ते गिळायची सवयच झाली होती. संध्याकाळपर्यंत त्याचा राखेसारखा गोळा झाला. मला इतका आनंद झाला की मी हावऱ्यासारखी त्या रात्री तीस फुलांना चुना पाजला, आणि दुसऱ्या सकाळी पाणी ताकासारखं पांढरं आणि दोन खेकडे उलटे. ती चूक माझी होती, पप्पांची नव्हती, आणि ती मान्य करायला मला आता चाळीस वर्षांनी काही अडत नाही. त्यानंतर रोज दहाच. मान आखडायची, चुन्याने बोटांची कातडी निघायची, आणि जेवणाच्या ताटात हात घातला की मिठाने झोंबायचं. विरारच्या दुकानातल्या त्या बाटलीच्या लेबलवर काय लिहिलं होतं ते आता सांगते: चुना. जानकीमावशीच्या डबीतला, फक्त परदेशी नावाचा.

सणाच्या सकाळी टाकीत एकही फूल नव्हतं. घोड्याची शेपटी थोडी वाकडी झाली होती, पण तो पोहत होता, आणि मी त्याला बरणीतून परत टाकीत सोडलं. पप्पांनी चष्मा लावून प्रत्येक दगड तपासला. मी फॉर्म पुढे केला. ते म्हणाले, "पाहुणे जाऊ देत, संध्याकाळी करतो." चर्चमध्ये मिस्सा झाली, माणसं जमली. स्वयंपाकघरात आई दोन बायकांना घेऊन पिठाचे गोल फुगे तळत होती, डुकराच्या मटणाचं इंदेल दोन पातेल्यांत शिजत होतं, ताटांत आमच्या वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी मांडली होती. आणि पुढच्या खोलीत पप्पा टाकीशेजारी उभे राहून भाषण करत होते. इनास काकांनी तक्रार केली होती की त्यांच्या टाकीत आता फक्त फुलंच उरली आहेत. "मी यावर बराच विचार केला," पप्पा म्हणाले. "निरीक्षण केलं. आणि शेवटी चुन्याचा प्रयोग केला. तोंडात, बरं का, वरून नाही. शास्त्रीय पद्धत." लोक माना डोलवत होते. मी हातात फुग्यांचं ताट घेऊन दारात उभी होते आणि मला वाटलं, ठीक आहे, घेऊ दे श्रेय, सही मिळाली की झालं.

तेवढ्यात जानकीमावशी आली. तिला आईने सणाला बोलावलं होतं, नवीन लुगडं नेसून ती दारातच थांबली होती. "मास्तर," ती मोठ्याने म्हणाली, "चुना माजा आनि हात पोरीचे. तुमी कवा केलं?" खोलीत कोणीतरी हसलं. मग सगळेच. इनास काका हसत हसत माझ्याकडे वळले. "तूच सांग गं, खरं काय ते."

मला गप्प राहता आलं असतं. एक वाक्य गिळायचं होतं, मी त्याहून मोठी वाक्यं गिळली होती. पण बोटं झोंबत होती, आणि मला त्या माणसाचा, माझ्या बापाचा, त्या क्षणी मनापासून राग आला. "मी केलं," मी म्हटलं. "पप्पांनी ती लावली होती. मुनवे काढून."

हसणं आता थांबेना. पप्पांचा चेहरा उतरला नाही, आक्रसला. ते माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळं स्वतःच करतेस ना? मग सहीही स्वतःच कर." आणि पाहुण्यांना इंदेल वाढायला निघून गेले.

मी ताट ठेवलं, पुस्तकातला फॉर्म काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन मशीनच्या शेजारी मोळीवर बसले. मी रडत होते, हे लिहायला लाज नाही. आई कढईसमोर होती. बायका वाढायला बाहेर गेल्या होत्या. तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं, उद्याची तारीखही. ती झारा धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या कागदावर काय लिहिलंय ते वाच." फॉर्म इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, इथे पालकाची सही.

"बापाची असं लिहिलंय?"

"नाय. पालकाची."

तिने झारा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातून पेन घेतलं. मशीनच्या फळीवर कागद ठेवून ती उभ्या उभ्याच लिहायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई, एकेक अक्षर थांबून, जीभ दातांत धरून, तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. कागदाच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा तेलाचा डाग पडला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कारकुनाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, पण फॉर्म घेतला. पप्पा त्यानंतर बरेच महिने माझ्याशी मोजकंच बोलले, आणि आईशी त्याहूनही कमी. पण ते पुढचं. त्या दुपारी सही झाल्यावर आईने कागद उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ स्वतःच्या नावाकडे बघत राहिली.

"एवढंच असतं होय?" ती म्हणाली. "मी समजत होते, काहीतरी कठीण असेल."